शेअरचा मालक नक्की कशाचा मालक असतो?

गेल्या महिन्यात बाबांचे एक जुने सहकारी घरी आले होते, हातात प्लॅस्टिकची फाइल, आत पिवळी पडलेली कागदी शेअर सर्टिफिकेटं आणि सगळ्यात वर एक पत्र. कंपनी डीलिस्ट होऊन, म्हणजे शेअर बाजारातून बाहेर पडून, बरीच वर्षं झालीत, पण काकांनी शेअर विकले नव्हते, नुसते कपाटात ठेवून दिले होते. पत्रात लिहिलं होतं की प्रमोटर, म्हणजे कंपनी ज्यांच्या ताब्यात आहे ते, सोडून बाकी सगळ्यांचे शेअर कंपनी कॅपिटल रिडक्शनमध्ये, म्हणजे भांडवल कमी करून, रद्द करणार आहे, त्याबदल्यात प्रत्येक शेअरमागे ठरलेली रक्कम खात्यात जमा होईल आणि त्यासाठी ईजीएम, म्हणजे शेअरहोल्डरांची विशेष सभा, बोलावलीये. काकांनी ते पत्र माझ्यासमोर टेबलावर ठेवलं, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "अगं, मी मालक आहे ना कंपनीचा? मग मला नको असताना माझा शेअर रद्द कसा काय करतात हे?"

मी कंपनी सेक्रेटरी आहे, पंधरा वर्षं हेच काम करतेय, तरी दोन मिनिटं गप्प बसले. कारण या प्रश्नाचं उत्तर कंपनी कायद्याच्या कुठल्या एका कलमात नाहीये, ते कित्येक वर्षांच्या कोर्टाच्या निकालांत तुकड्यातुकड्यांनी पसरलंय. आणि मला मनापासून वाटतं की ज्याच्याकडे कुठल्याही कंपनीचा एक जरी शेअर आहे त्याला हे तुकडे थोडेफार माहीत असायला हवेत, म्हणून आज बसून सविस्तर लिहितेय.

आधी तो "मालक" शब्द. हा प्रश्न मुंबई हायकोर्टात फार पूर्वी येऊन गेलाय. बाचा गझदर नावाच्या बाईंकडे चहाच्या कंपन्यांचे शेअर होते. चहाच्या उत्पन्नाचा तेव्हाचा नियम असा की ६० टक्के शेतीचं उत्पन्न धरायचं आणि ४० टक्क्यांवर इन्कम टॅक्स. बाईंचं म्हणणं सरळ होतं, कंपनीचं उत्पन्न ६० टक्के शेतीचं असेल तर माझ्या डिव्हिडंडचेही ६० टक्के शेतीचेच की, त्यावर टॅक्स कशाला? ऐकायला किती पटतं बघा. पण चागला आणि तेंडोलकर या दोन न्यायमूर्तींनी नाही म्हटलं आणि १९५४ साली सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं. कारण काय, तर चहाचा मळा कंपनीचा आहे, शेअरहोल्डरचा नाही. शेअरहोल्डरला काय मिळतं, तर कंपनीने नफा वाटायचं ठरवलं की त्यातला वाटा, आणि कंपनी गुंडाळली तर देणी भागवून उरलंसुरलं त्यातला वाटा. मळ्यातल्या एका पानावरही त्याचा हक्क नाही. निकाल टॅक्सचा होता पण आजही शेअरहोल्डर म्हणजे कोण हा वाद कुठेही निघाला की पहिल्यांदा हाच निकाल पुढे केला जातो.

तर काका, तुम्ही मळ्याचे मालक नाही. हे त्यांना सांगताना मला बरं वाटलं नाही, पण इथूनच सुरुवात करावी लागते.

दुसरा तुकडा आणखी जुना आणि विलायतेचा. १८४३, फॉस विरुद्ध हारबॉटल, मँचेस्टरची व्हिक्टोरिया पार्क कंपनी. दोन शेअरहोल्डर कोर्टात गेले की डायरेक्टरांनी स्वतःच्या जमिनी चढ्या भावाने आपल्याच कंपनीच्या गळ्यात मारल्या. कोर्ट म्हणालं नुकसान कंपनीचं झालंय ना, मग दावा कंपनीने लावावा, तुम्ही कोण? आता कंपनीच्या वतीने दावा लावायचा की नाही हे ठरवणार कोण, तर बहुमत, आणि बहुमत ज्यांच्या खिशात तेच डायरेक्टर. कुंपणानेच शेत खाल्लं तर तक्रार कुंपणाकडेच करायची असा हा प्रकार. या नियमाला नंतर कोर्टांनी अपवाद घातले, फसवणूक असेल, बहुमतवाले स्वतःच चोर असतील, वगैरे, पण मूळ नियम आपल्याकडेही आला आणि अजून आहे. अल्पमतातल्या शेअरहोल्डरची सगळी कोर्टबाजी ही या एका नियमाच्या भिंतीत दार शोधण्याची धडपड आहे असं मला कायम वाटतं.

आपल्या कायद्याने एक मोठं दार ठेवलंय, ऑप्रेशन आणि मिसमॅनेजमेंटचं, म्हणजे जाच आणि गैरकारभाराचं. १९५६ च्या कायद्यात ३९७ आणि ३९८ कलम, २०१३ च्या कायद्यात २४१ आणि २४२. पण गंमत नाही, खरंच सांगते, ऑप्रेशन म्हणजे काय हे कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. शब्द दिला आणि अर्थ कोर्टावर सोडला. मग १९६५ मध्ये कलिंगा ट्यूब्जच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने माप दिलं की वागणूक जाचक, कठोर आणि चुकीची पाहिजे, एखादी घटना पुरत नाही, सतत चालत आलेली पाहिजे, आणि शेअरहोल्डर म्हणून तुमच्यावर अन्याय झालेला पाहिजे, नुसता विश्वास उडालाय एवढं चालणार नाही. तेव्हापासून प्रत्येक पिटिशनमध्ये हे शब्द असतातच.

पण मापाने मोजायचं कसं ते शिकायचं असेल तर नीडल इंडस्ट्रीजची केस वाचा. उटीजवळची सुया बनवणारी कंपनी, इंग्लंडच्या होल्डिंग कंपनीकडे बहुसंख्य शेअर, आणि फेरा या परकीय चलनाच्या कायद्यामुळे परदेशी हिस्सा ४० टक्क्यांवर आणायचा होता. बोर्डाने राइट्स इश्यू काढला, म्हणजे आधीच्याच शेअरहोल्डरांना नवे शेअर देऊ केले. आता तारखा बघा, मी ट्रेनी होते तेव्हा आमच्या सरांनी या तारखा फळ्यावर लिहून दाखवल्या होत्या. ऑफरच्या पत्रावर तारीख १४ एप्रिल १९७७. पाकिटावर पोस्टाचा शिक्का २७ एप्रिलचा. इंग्लंडमध्ये पत्र पोचलं २ मे ला. आणि शेअर वाटपासाठी बोर्ड मीटिंग कधी, तर २ मे! म्हणजे होल्डिंग कंपनीच्या हातात पत्र पडलं त्याच दिवशी इकडे तिच्या वाट्याचे शेअर दुसऱ्यांना देऊन टाकले. सर म्हणाले, आता सांगा हे ऑप्रेशन आहे की नाही. आम्ही सगळे एका सुरात हो म्हणालो.

सुप्रीम कोर्टाने १९८१ मध्ये नाही म्हटलं. मुख्य न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांनी लिहिलेला निकाल आहे. मुद्दा असा की शेअर वाढवण्यामागे कायदा पाळणं हे खरं कारण होतं, होल्डिंग कंपनीलाही हिस्सा कमी करायचाच होता पण ती चालढकल करत होती, आणि बेकायदेशीर गोष्ट झाली म्हणजे आपोआप ऑप्रेशन झालं असं नाही. पण निकाल इथे थांबत नाही. पत्र उशिरा गेल्यामुळे होल्डिंग कंपनीला आपला हक्क विकायची संधीही मिळाली नाही हे कोर्टाने पाहिलं. शेअर दिले होते १०० रुपयांना, बाजारात किंमत १९० धरली, म्हणजे एका शेअरमागे ९० चा फायदा, गुणिले ९,४९५ शेअर, असे ८,५४,५५० रुपये होल्डिंग कंपनीला द्या असा हुकूम केला. ऑप्रेशन नाही तरी नुकसान भरून द्या! ही कलमात न लिहिलेली गोष्ट आहे, कोर्टाने न्याय म्हणून केलेली, आणि पुढे कितीतरी केसमध्ये समेटाचा रस्ता या निकालाने मोकळा करून दिलाय. मला स्वतःला हा निकाल आवडतो कारण त्यात कुणाला शंभर टक्के बरोबर ठरवायचा हट्ट नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर लिहायला बसले ती. लोकांना वाटतं कायदा दिल्लीत बनतो, संसदेत. बनतो, पण तिथे पोचायच्या आधी तो बऱ्याचदा हायकोर्टात घडलेला असतो, आणि हे मी डोळ्यांनी बघितलंय, २०१० मध्ये.

प्रिया स्कूटर आठवतेय का कुणाला? आमच्याकडे होती, बाबांची, निळी. ती साताऱ्याला बनायची, महाराष्ट्र स्कूटर्स कंपनीत. ही कंपनी म्हणजे राज्य सरकारचं पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांची भागीदारी, महामंडळाकडे २७ टक्के, बजाजकडे २४, बाकी पब्लिककडे. दोघांमध्ये सुरुवातीलाच करार होता की एकाला शेअर विकायचे असतील तर आधी दुसऱ्याला विचारायचं, आम्ही याला आरओएफआर, राइट ऑफ फर्स्ट रिफ्युजल, म्हणतो. पुढे महामंडळाला विकायचे होते, किमतीवरून बिनसलं, प्रकरण आर्बिट्रेटरकडे, म्हणजे लवादाकडे, गेलं, त्यांनी २००६ मध्ये शेअरला १५१.६३ रुपये भाव ठरवून दिला. महामंडळाला तो मान्य नव्हता, ते हायकोर्टात गेले. आणि फेब्रुवारी २०१० मध्ये न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी, हो, नीडलवाल्या चंद्रचूडांचेच चिरंजीव, तेव्हा ते मुंबई हायकोर्टात होते, तो अवॉर्डच, म्हणजे लवादाचा निर्णयच, रद्द केला. कारण किमतीचं नव्हतंच. त्यांनी म्हटलं पब्लिक कंपनीचे शेअर मुक्तपणे हस्तांतर होणारे असतात असं कायद्याचं १११ए कलम सांगतं, मग आधी मलाच विचार असं बंधन घालणारा करारच त्या कलमात बसत नाही.

त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात काय झालं सांगते. देशातल्या जवळजवळ प्रत्येक जॉइंट व्हेंचरच्या, प्रत्येक प्रायव्हेट इक्विटी गुंतवणुकीच्या शेअरहोल्डर करारात हे कलम असतं. सरांनी सगळ्या फाइली बाहेर काढायला लावल्या आणि ज्या ज्या कंपन्या पब्लिक लिमिटेड आहेत किंवा पब्लिक कंपनीची सबसिडिअरी असल्यामुळे कायद्याने पब्लिक धरल्या जातात त्यांची यादी करायला सांगितलं. मी दोन दिवस जमिनीवर बसून करार चाळत होते, जिथे जिथे आरओएफआर दिसेल तिथे पिवळी चिठ्ठी लावायची, आणि संध्याकाळपर्यंत त्या पानांचा पंखा झाला होता अक्षरशः. क्लायंटचे फोन चालूच, आमचे पैसे अडकलेत, आमच्या कराराला अर्थ आहे की नाही? आणि आधीच एक जुना घोळ होता, १९९१ च्या रंगराज केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलेलं की शेअर विकण्यावरचं बंधन कंपनीच्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे अंतर्गत नियमावलीत, लिहिलेलं नसेल तर नुसता आपापसातला करार कंपनीवर लागू होत नाही. म्हणून सगळे लोक कराराची कलमं आर्टिकल्समध्ये उतरवून ठेवायचे. आता पब्लिक कंपनीत तर आर्टिकल्समध्ये घालूनही उपयोग नाही असं झालं.

सात महिने तसेच गेले. मग सप्टेंबर २०१० मध्ये त्याच मुंबई हायकोर्टाच्या डिव्हिजन बेंचने, म्हणजे दोन न्यायमूर्तींनी, मेसर होल्डिंग्जच्या केसमध्ये बरोबर उलटं सांगितलं. ती केस बॉम्बे ऑक्सिजन कंपनीच्या शेअरवरून होती. त्यांचं लॉजिक मला फार आवडलं, अजूनही ट्रेनींना समजावताना मी तेच वापरते. शेअर मुक्तपणे विकता येतो म्हणजे काय, तर मालकाला हवा तेव्हा, हव्या त्या माणसाला, हव्या त्या अटीवर विकता येतो. मग उद्या विकायचा झाला तर आधी तुला विचारीन असं तो आज स्वखुशीने ठरवत असेल तर तोही त्याच मोकळीकीचा भाग झाला की! कलमाने अडवलंय ते कंपनीला आणि बोर्डाला, दोन शेअरहोल्डरांनी एकमेकांना दिलेल्या शब्दाला नाही. डिव्हिजन बेंच मोठा, एकट्या न्यायाधीशाच्या निकालावर त्याचं चालतं, त्यामुळे मुंबईपुरता प्रश्न सुटला. पण फक्त मुंबईपुरता, कारण एका हायकोर्टाचा निकाल दुसऱ्या हायकोर्टावर बंधनकारक नसतो, त्यांनी पटला तर घ्यायचा.

माझ्या पिवळ्या चिठ्ठ्या मी परत काढल्या. पण सगळे पक्के धास्तावलेले होते, सुप्रीम कोर्ट काय म्हणेल ते माहीत नाही, म्हणून करारात डबल डबल वाक्यं घालायची पद्धत पडली.

आणि मग आला २०१३ चा नवा कंपनी कायदा. त्याचं ५८ वं कलम, दुसरं पोटकलम उघडा. पब्लिक कंपनीचे शेअर मुक्तपणे हस्तांतरणीय असतील, हे आहेच, आणि त्याला खाली एक छोटं परंतुक, म्हणजे 'पण' असं सांगणारं वाक्य, जोडलंय की शेअरच्या हस्तांतराबाबत दोन किंवा जास्त व्यक्तींमधला करार हा करार म्हणून अंमलात आणता येईल. एक वाक्य. पण त्या एका वाक्यात फेब्रुवारी आणि सप्टेंबर २०१० चं सगळं भांडण आहे, मेसरचा निकाल संसदेने उचलून कायद्यात ठेवलाय. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सेबीनेही लिस्टेड कंपन्यांच्या करारातल्या अशा कलमांना मान्यता देणारं नोटिफिकेशन काढलं. महाराष्ट्र स्कूटर्सचं म्हणाल तर २०१५ मध्ये डिव्हिजन बेंचने बजाजच्या बाजूने निकाल दिला, आणि शेवटी २०१९ मध्ये ते २७ टक्के शेअर बजाजच्या गटाकडे गेले. तोपर्यंत रस्त्यावर प्रिया दिसायची बंद होऊन जमाना झाला होता.

हे सगळं एवढं लांबवून सांगितलं कारण यात मला एक गोष्ट दिसते जी पुस्तकात कुणी सांगत नाही. निकाल चुकला तरी त्याचा उपयोग होतो. फेब्रुवारीचा निकाल आला नसता तर १११ए मध्ये ही फट आहे हे कुणी एवढ्या जोरात बोललंच नसतं आणि ते परंतुकही आलं नसतं कदाचित. चंद्रचूडांचा युक्तिवाद वाचलात तर तो कच्चा नाहीये अजिबात, कलमाचे शब्द धरले तर तो अर्थ निघतोच. शब्दच बदलायला हवे होते, ते बदलले.

आता अलीकडची एक केस, जी पेपरात पण खूप गाजली. झी एंटरटेनमेंट आणि तिच्यातली परदेशी गुंतवणूकदार इन्व्हेस्को. इन्व्हेस्को आणि तिच्या साथीच्या फंडाकडे मिळून १७.८८ टक्के शेअर. ११ सप्टेंबर २०२१ ला त्यांनी बोर्डाला नोटीस दिली की ईजीएम बोलवा, एमडी पुनीत गोएंका यांना काढा आणि आम्ही सांगतो ते सहा स्वतंत्र डायरेक्टर घ्या. कायद्याचं १०० वं कलम म्हणतं की दहा टक्के मतं असणाऱ्यांनी मागणी केली तर बोर्डाने २१ दिवसांत मीटिंग बोलवायला घ्यायची, ती ४५ दिवसांच्या आत व्हायला हवी, आणि बोर्डाने नाही बोलावली तर मागणी करणारे स्वतः बोलवू शकतात. किती स्पष्ट आहे! पण झीने हायकोर्टात दावा लावला की ही मागणीच बेकायदेशीर आहे. ऑक्टोबरमध्ये एकल न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मीटिंगला मनाई केली, त्यांचा मुद्दा होता की जे ठराव पास झाले तरी कायद्याने अंमलात येऊच शकत नाहीत, उदाहरणार्थ ज्यांना माहिती आणि प्रसारण मंत्रालयाची आधी परवानगी लागते, अशा ठरावांसाठी मीटिंग भरवून काय करायचं.

इन्व्हेस्को अपिलात गेली आणि २२ मार्च २०२२ ला डिव्हिजन बेंचने मनाई उठवली. मागणी वैध म्हणजे टक्के बरोबर, कागद बरोबर, बस. ठराव चांगला की वाईट, चालणारा की न चालणारा, हे मीटिंगमध्ये शेअरहोल्डर बघतील. याला आधार होता १९८५ च्या एलआयसी विरुद्ध एस्कॉर्ट्स या सुप्रीम कोर्टाच्या निकालाचा, तोही मुळात मुंबई हायकोर्टातूनच वर गेलेला. त्यात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींनी सांगितलंय की शेअरहोल्डरला मीटिंग बोलवायला कारणं द्यावी लागत नाहीत आणि कोर्टाने त्या कारणांची छाननी करायची नसते.

मी या बाबतीत पूर्णपणे डिव्हिजन बेंचच्या बाजूची आहे. मीटिंग हा शेअरहोल्डरकडे असलेला एकमेव चौक आहे जिथे तो उभा राहून बोलू शकतो. तो चौकच कोर्टाच्या मनाईहुकमाने बंद होऊ लागला तर मग राहिलं काय? पण पटेल साहेबांची काळजीही मला समजते, उद्या पास झालेला ठराव धूळ खात पडला तर कंपनी अधांतरी. तरी माझं मत हेच की तो धोका शेअरहोल्डरांनी पत्करायचा असतो.

पण एक बघा. सप्टेंबर ते मार्च, सहा महिन्यांच्या वर गेले. निकाल जिंकल्यावर दोनच दिवसांनी इन्व्हेस्कोने मागणी मागे घेतली, कारण मधल्या काळात झी आणि सोनीच्या मर्जरची बोलणी पुढे गेली होती आणि त्यांना तो सौदा व्हायला हवा होता. ती ईजीएम कधी झालीच नाही. सोनीनेही पुढे जानेवारी २०२४ मध्ये हात काढून घेतला. म्हणजे जिंकणाऱ्याच्या हातात काही पडलं नाही, पडलं ते पुढच्या शेअरहोल्डरच्या. आणि शेअरहोल्डरच्या केसमध्ये असंच असतं, अंतरिम, म्हणजे निकालाआधीच्या तात्पुरत्या, हुकमातच सगळं काही असतं. मीटिंग थांबली की वेळ निघून जाते, शेअर वाटले गेले की बहुमत बदलतं, मग पाच वर्षांनी अंतिम निकाल तुमच्या बाजूने आला तरी ती कंपनी तीच उरलेली नसते. म्हणून वकील लोक पहिल्या तारखेला जिवाच्या आकांताने स्टे मागतात.

दाराच्या उंबरठ्याबद्दल पण थोडक्यात सांगते. ऑप्रेशनची तक्रार घेऊन २४१ खाली जायचं तर २४४ कलमाप्रमाणे शंभर सभासद किंवा एकूण सभासदांच्या एक दशांश, यातले जे कमी ते, किंवा दहा टक्के शेअर भांडवल लागतं. टाटा सन्सच्या केसमध्ये मिस्त्री गटाकडे इक्विटी १८.३७ टक्के, पण प्रेफरन्स शेअर (ठरावीक डिव्हिडंडचे, सहसा मतदानाचा हक्क नसलेले) धरून एकूण भांडवलाच्या हिशेबात ते जेमतेम २.१७ टक्के निघाले आणि एवढा मोठा गट उंबरठ्यावरच अडकला, अपिलात वरच्या ट्रिब्युनलने अट शिथिल केल्यावर आत जाता आलं. त्यांची ही गत तर काकांचं काय. क्लास ॲक्शनचं, म्हणजे अनेकांनी मिळून एकच दावा लावायचं, २४५ कलम आहे, २०१६ पासून लागू आहे, लिस्टेड कंपनीत दोन टक्के भांडवलावरही जाता येतं, पण खर्च कोण करणार हा प्रश्न तसाच आहे, त्यामुळे ते कलम फारसं वापरात दिसत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

१ जून २०१६ पासून एनसीएलटी, म्हणजे कंपनी प्रकरणांचं राष्ट्रीय ट्रिब्युनल, आलं आणि कंपनीची बहुतेक प्रकरणं तिकडे गेली, डिसेंबर २०१६ पासून मर्जर आणि कॅपिटल रिडक्शन पण. अपील एनसीएलएटी या वरच्या ट्रिब्युनलला आणि तिथून थेट सुप्रीम कोर्टात. मधलं हायकोर्ट गळलं. लवकर निकाल लागावेत हा हेतू, चांगलाच आहे, पण हायकोर्टात जे लांबलचक, कारणं देणारे निकाल लिहिले जायचे त्यांची सवय मोडायला नको. आजही ट्रिब्युनलपुढे वाद चालतो तेव्हा दोन्ही बाजूंच्या हातात हायकोर्टाचेच जुने निकाल असतात.

आणि काकांच्या पत्राचं उत्तर त्या जुन्या निकालांतच आहे. पुण्याच्या सँडविक एशियाने असंच बाहेरच्या शेअरहोल्डरांचे शेअर रद्द करायचं ठरवलं होतं. विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात, आणि प्रमोटरकडेच त्याहून जास्त असतील तर मतदान हा नुसता उपचार उरतो. २००४ मध्ये एकल न्यायमूर्तींनी हे अन्यायाचं म्हणून नामंजूर केलं. २००९ मध्ये डिव्हिजन बेंचने मंजूर केलं, कारण किंमत योग्य आहे याबद्दल वाद नव्हता आणि बाहेरच्या शेअरहोल्डरांतल्याही बहुसंख्यांनी हो म्हटलं होतं. म्हणजे काका, हो, तुम्हाला नको असतानाही शेअर रद्द होऊ शकतो.

पण मग कॅडबरी इंडिया. तिथेही तेच, डीलिस्ट झालेली कंपनी, मूठभर छोटे शेअरहोल्डर उरलेले, त्यांना शेअरमागे १,३४० रुपये देऊन मोकळं करायचं. काही जण हटून बसले की किंमत कमी आहे. मुंबई हायकोर्टात वर्षानुवर्षं चाललं, कोर्टाने वेगळे व्हॅल्युअर, म्हणजे किंमत काढणारे, नेमले, आणि मे २०१४ मध्ये गौतम पटेल यांनी योजना मंजूर केली तेव्हा भाव होता २,०१४.५० रुपये. हरकत घेणाऱ्यांना याहूनही जास्त हवे होते, ते त्यांना मिळाले नाहीत, कोर्ट म्हणालं व्हॅल्युएशन हे नेमकं शास्त्र नाही आणि मूल्यांकन उघडउघड चुकीचं आहे हे दाखवल्याशिवाय आम्ही स्वतः आकडा बदलत बसणार नाही. पण १,३४० आणि २,०१४.५० मधला फरक ज्यांनी हरकत घेतली त्यांच्यामुळे आला, आणि तो मिळाला मात्र सगळ्यांना, जे घरी बसून होते त्यांनाही.

हे ऐकल्यावर काका सरळ बसले. इतका वेळ ते मालक आहे की नाही यावर अडून होते, आता म्हणाले, "म्हणजे भांडायचं ते किमतीवर."

मग आम्ही पत्रासोबतचं स्पष्टीकरण दोनदा वाचलं. व्हॅल्युएशन रिपोर्ट बघायला रजिस्टर्ड ऑफिसात ठेवलाय असं शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं, वेळ सकाळी अकरा ते एक. काकांनी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली. त्यांना त्या कंपनीची फॅक्टरी माहितीये, नोकरीच्या काळात दोनदा जाऊन आलेत, मोठी जागा आहे म्हणाले, हायवेला लागून. पॅडवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात तीन प्रश्न लिहिले. व्हॅल्युअर कुणी नेमला. मूल्यांकन कुठल्या तारखेचं आहे. आणि तिसरा, फॅक्टरीच्या जागेची किंमत रिपोर्टमध्ये कुठल्या साली खरेदी केलेल्या भावाने धरलीये की आजच्या.

परवा ते रिपोर्ट बघून आले. फोनवर पहिलं वाक्य, "अगं, जागा बॅलन्सशीटच्या भावानेच धरलीये." आता ते बाकीच्या शेअरहोल्डरांची यादी मागवतायत, सभासदांचं रजिस्टर बघायचा हक्क कलम ९४ मध्ये आहे हे मी सांगितलं होतं. ईजीएमला अजून अकरा दिवस आहेत.